इंग्लंडमधील एका घराचा, रस्त्याचा आणि पॅरिशचा इतिहास कसा शोधावा

लंडनच्या वायव्य भागात, प्रिमरोज हिल या टेकडीलगत, किंग हेन्रीज रोड नावाचा एक शांत रस्ता आहे. तेथील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि आता तेथे त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे. महाराष्ट्रातून येणारा पाहुणा दारावरची पाटी वाचतो, छायाचित्र काढतो आणि परत फिरतो. हा हेन्री राजा कोणता, असा प्रश्न त्याला सहसा पडत नाही, आणि पडलाच तर सहा राण्यांचा आठवा हेन्री आठवतो. प्रत्यक्षात हा सहावा हेन्री होय. त्याने १४४० मध्ये ईटन येथे विद्यालय स्थापन केले आणि काही वर्षांतच चाल्कट्स नावाची ही शेतजमीन त्या विद्यालयाला दिली. एकोणिसाव्या शतकात लंडन शहर पसरत या शेतांपर्यंत पोहोचले, तेव्हा ईटनने संसदेकडून कायदा करून घेऊन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने येथे घरे बांधू दिली आणि रस्त्यांना आपल्याच घरातली नावे दिली. ईटन अ‍ॅव्हेन्यू हे नाव उघडच आहे. फेलोज रोड आणि प्रोव्होस्ट रोड ही नावे विद्यालयाच्या पदाधिकाऱ्यांवरून आली, तर ऑपिडन्स रोड हे नाव ईटनमध्ये मूळ शिष्यवृत्तीबाहेर, गावातल्या वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांवरून आले.

हे उदाहरण आरंभी देण्याचे कारण असे की, नवख्या अभ्यासकाने सर्वांत आधी जी गोष्ट लक्षात घ्यायला हवी ती यात आहे. जुने कागद घरांच्या किंवा रस्त्यांच्या नावाने लावून ठेवलेले नसतात. ज्या सत्तेने ते लिहिले, मग ती चर्च असो, जमीनदार असो, परगणा (काउंटी) असो की नगरपालिका, तिच्या नावाने ते ठेवलेले असतात. त्यामुळे ‘या घराविषयी काय आहे?’ असे अभिलेखागारात विचारून फारसे हाती लागत नाही. ‘या जागेवर कोणत्या काळी कोणाची सत्ता होती?’ हे आधी ठरवले की पुढची वाट बरीच सरळ होते.

पहिली पायरी: हद्द ठरवणे

इंग्लंडमध्ये या सत्तेचा सर्वांत लहान घटक म्हणजे पॅरिश. आपल्याकडे ‘गाव’ या शब्दात वस्ती, शिवार आणि महसुलाचा घटक असे तिन्ही अर्थ मिसळलेले असतात, तसेच काहीसे पॅरिशचे आहे. मुळात पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या अखत्यारीतला मुलूख. परंतु सोळाव्या शतकापासून राज्यसत्तेने दिवाणी कामेही याच घटकावर सोपवली. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती पॅरिशकडे आली आणि १६०१ च्या गरीब कायद्याने निराधारांना पोसण्याची जबाबदारीही आली. या कामांसाठी चर्चवॉर्डन, गरिबांचे पर्यवेक्षक, रस्त्यांचे सर्वेक्षक आणि कॉन्स्टेबल असे अधिकारी गावकऱ्यांतूनच नेमले जात आणि त्यांचे हिशेब ‘वेस्ट्री’ नावाच्या सभेपुढे ठेवले जात. पुढे धार्मिक पॅरिश आणि दिवाणी पॅरिश वेगवेगळे झाले, आणि १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या. आज एकाच गावासाठी या दोन्ही हद्दी वेगळ्या असू शकतात, म्हणून आपण कोणत्या पॅरिशविषयी बोलत आहोत, हे आपल्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे.

चाल्कट्सची जमीन हॅम्पस्टेड पॅरिशमध्ये होती आणि सेंट पँक्रस पॅरिशची हद्द तेथून जवळच होती. १८८९ पर्यंत हॅम्पस्टेड मिडलसेक्स परगण्यात मोडत असे. त्या वर्षी लंडन नावाचा स्वतंत्र परगणा झाला, १९०० मध्ये वेस्ट्रीची जागा ‘महानगर बरो’ नावाच्या नगरपालिकेने घेतली आणि १९६५ मध्ये हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस व हॉबर्न मिळून आजचे कॅम्डेन बनले. म्हणजे येथील एखाद्या घरावर कोणीही विटेला हात न लावता, दीडशे वर्षांत चार सत्तांचे शिक्के बसले. आपल्या जागेची अशी एक छोटी तारखावळ आधी तयार करावी. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते टाळणारा माणूस पुढे चुकीच्या परगण्याच्या सूचीत दिवसचे दिवस घालवतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: आधी कोणी काय लिहिले आहे ते पाहणे

मूळ कागदांकडे धाव घेण्यापूर्वी छापील साहित्य पाहावे. १८९९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नावाने परगण्यांच्या इतिहासाची एक मालिका सुरू झाली, ती अजूनही पूर्ण झालेली नाही. तिच्यात पॅरिशवार जमिनीची मालकी, चर्च, शाळा, गिरण्या, रस्ते यांचा तळटीपांसह वृत्तांत असतो. तिचे बरेच खंड ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन या संकेतस्थळावर वाचता येतात. हॅम्पस्टेड आणि पॅडिंग्टन हे मिडलसेक्सच्या नवव्या खंडात आहेत. या मालिकेतला मजकूर रुक्ष आहे, हे आधीच सांगतो. तिची खरी किंमत तळटीपांत आहे, कारण कोणता कागद कोणत्या अभिलेखागारात आहे याचा माग तेथे लागतो.

इमारत जुनी असेल तर हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेची राष्ट्रीय वारसा यादी पाहावी. ती विनामूल्य असून तिच्यात सुमारे चार लाख नोंदी आहेत. इमारतींच्या तीन श्रेणी असतात: ‘एक’, ‘दोन तारांकित’ आणि ‘दोन’. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती शेवटच्या श्रेणीत असतात आणि पहिल्या श्रेणीत जेमतेम अडीच टक्के. नवख्यांची येथे एक गफलत होते. यादीतील वर्णन हा इमारतीचा इतिहास नसतो. कायद्याने काय संरक्षित आहे हे ओळखता यावे म्हणून ते लिहिलेले असते, आणि जुन्या नोंदी तर रस्त्यावर उभे राहून चार ओळींत उरकलेल्या दिसतात. तेथे ‘अठराव्या शतकाचा आरंभ’ असे म्हटले असेल तर तो बहुधा दर्शनी भागावरून केलेला अंदाज समजावा.

तिसरी पायरी: नकाशांवरून मागे जाणे

इतिहास शोधताना आजपासून आरंभ करून मागे जावे. आजचा नकाशा, मग युद्धापूर्वीचा, मग १८९० च्या दशकातला, मग १८७० च्या आसपासचा, अशी उलटी वाटचाल केली की घर कोणत्या दोन नकाशांच्या दरम्यान उगवले ते आपोआप कळते. ऑर्डनन्स सर्व्हे ही नकाशे करणारी संस्था १७९१ पासूनची आहे आणि तिचा पहिला प्रसिद्ध नकाशा, केंट परगण्याचा, १८०१ मध्ये निघाला. घरांच्या अभ्यासाला मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाचे नकाशे सर्वांत उपयोगी पडतात, कारण त्यांवर एकेक घर आणि त्यामागचे आवारही दिसते. लंडनसाठी तर मैलाला पाच फूट इतके मोठे नकाशे आहेत. इंग्लंडचे हे जुने नकाशे पाहण्याची उत्तम सोय स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या संकेतस्थळावर फुकट केली आहे. तेथे जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून हळूहळू पारदर्शक करता येतो. त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ निघून जाते, त्याला माझा इलाज नाही.

त्याहून मागे गेल्यावर दशमांशाचे नकाशे भेटतात, आणि मराठी वाचकाला हे प्रकरण चटकन उमगेल असे मला वाटते. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देण्याची जुनी प्रथा होती. १८३६ च्या कायद्याने त्या धान्य-कोकरांच्या देण्याचे रोख रकमेत रूपांतर केले. त्यासाठी पॅरिशवार मोजणी झाली, नकाशा काढला गेला आणि त्याबरोबर एक तक्ता तयार झाला. त्यात प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, मालक, प्रत्यक्ष कसणारा, शेताचे नाव, जमीन कुरण आहे की नांगरटीची, क्षेत्र आणि देय रक्कम असे रकाने असत. आपल्या सातबाऱ्याचा हा दूरचा नातेवाईकच. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत दिलेले असते: ४० पर्चचा एक रूड आणि ४ रूडचा एक एकर. गुंठ्यांत विचार करणाऱ्याने एक रूड म्हणजे १० गुंठे आणि एक पर्च म्हणजे पाव गुंठा इतके लक्षात ठेवले की पुरे. या कागदांच्या तीन प्रती होत. एक आज क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असते, तर धर्मप्रांताची आणि पॅरिशची प्रत बहुधा परगण्याच्या अभिलेखागारात सापडते. मात्र इंग्लंड व वेल्सचा सुमारे पाव भाग या मोजणीत आलाच नाही, कारण तेथे सामाईक जमिनींना कुंपणे घालून वाटणी करताना दशमांश आधीच मिटवला गेला होता. तेथे त्या वाटणीचा निवाडा आणि त्याचा नकाशा शोधावा. असे निवाडे मुख्यतः १७५० ते १८५० या काळातले आहेत.

रस्त्यांच्या नावांविषयी

नकाशे पाहताना रस्त्यांची जुनी नावे टिपून घ्यावीत, पण त्यांच्यावर लगेच विश्वास टाकू नये. यॉर्क शहरात मिकलगेट, स्टोनगेट, कॉपरगेट अशी नावे पाहून नवख्याला तेथे वेशी असाव्यात असे वाटते. पण हा ‘गेट’ म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतील ‘गाटा’, अर्थात रस्ता. यॉर्कच्या तटबंदीतील वेशींना ‘बार’ म्हणतात. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता. कॉपरगेटचा तांब्याशी संबंध नाही, लाकडी पेले-वाट्या घडवणाऱ्यांशी आहे, आणि १९७६ ते १९८१ या काळात तेथे झालेल्या उत्खननात लाकूडकामाचे भरपूर अवशेष मिळाल्याने त्या नावाला पुरावाही लाभला. शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली. मांस मांडण्याच्या फळ्यांवरून हे नाव पडले.

त्याहून कटकटीची बाब म्हणजे घरांचे क्रमांक. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच नावाचे अनेक रस्ते असल्याने नावे बदलण्याची आणि एका रस्त्यावरच्या तुकड्या-तुकड्यांच्या ओळींना सलग क्रमांक देण्याची मोठी मोहीम झाली. त्यामुळे १८६१ च्या खानेसुमारीतील १० क्रमांक आणि आजचा १० क्रमांक एकच असेल असे गृहीत धरू नये. कोपऱ्यावरचे चर्च किंवा दारूचा गुत्ता अशी न हललेली खूण शोधून तेथून घरे मोजत यावे.

चौथी पायरी: माणसे

घरात कोण राहत होते, हे शोधण्यासाठी खानेसुमारी हे मुख्य साधन आहे. ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण देशभर प्रत्येक माणसाचे नाव नोंदवायला १८४१ मध्ये आरंभ झाला. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील लोकांची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली, म्हणजे ३४ वर्षांची बाई तेथे ३० ची दिसते. १८५१ पासून वय नीट दिलेले असते, शिवाय कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे पॅरिशही असते. नोंदी शंभर वर्षे बंद ठेवल्या जातात, म्हणून १९ जून १९२१ च्या रात्रीची खानेसुमारी २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत गेले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. त्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही कामी येते. बहुतेक संकेतस्थळे पैसे घेतात, परंतु क्यूच्या वाचनकक्षात ती विनामूल्य पाहता येतात आणि अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतही निदान एखादे उपलब्ध असते. दोन गणनांमधील वर्षांसाठी व्यापारी निर्देशिका आणि मतदारयाद्या पाहाव्यात.

१ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी पॅरिशच्या नोंदवह्यांना पर्याय नाही. टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवायला लावले. १५९८ पासून त्या चर्मपत्रावर लिहिण्याची आणि दरवर्षी बिशपकडे एक प्रत पाठवण्याची सक्ती झाली, म्हणून पॅरिशची वही उंदरांनी खाल्ली असली तरी बिशपची प्रत शिल्लक असू शकते. १७५४ पासून विवाहांची नोंद ठराविक नमुन्यात आणि १८१३ पासून बाप्तिस्मा व दफनाची नोंद छापील नमुन्यात होऊ लागली. १६४२ ते १६६० या यादवीच्या व प्रजासत्ताकाच्या काळात मात्र अनेक वह्यांत मोठी खिंडारे आहेत.

तारखांचा एक सापळा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. शकाचे वर्ष चैत्र पाडव्याला बदलते, त्यामुळे पौष-माघातली घटना इंग्रजी वर्षाशी जुळवताना आपण जशी एक वर्षाची काळजी घेतो, तशीच येथे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या २४ तारखेपर्यंत घ्यावी. नोंदीत ‘१४ फेब्रुवारी १६९०’ असेल तर आजच्या हिशेबाने ते १६९१ होते. वहीत ‘१६९०/९१’ असे दुहेरी लिहावे.

लिपीचेही तसेच. सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजी दफ्तरी अक्षर आजच्या इंग्रजाला वाचता येत नाही, जसा मोडी कागद आजच्या मराठी माणसाला वाचता येत नाही. जो मोडी शिकला आहे त्याला उपाय ठाऊक असतो: एकाच लेखनिकाच्या हातचे ओळखीचे शब्द आधी शोधायचे, त्याची वर्णमाला कागदावर मांडायची आणि मग अनोळखी शब्दांना हात घालायचा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर यासाठी विनामूल्य पाठ आहेत. जमीनदारी न्यायालयांचे कागद १७३३ पर्यंत बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत. नवख्याने ते पहिल्या वर्षी बाजूला ठेवले तरी चालेल.

याउलट, ज्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही असे गरीब कायद्याचे कागद मी सर्वांत आधी मागवायला सांगेन. १६६२ च्या वास्तव्य कायद्याने (सेटलमेंट अ‍ॅक्ट) ज्या पॅरिशचा माणूस त्यानेच त्याला पोसावे असे ठरवले. त्यामुळे परका गरीब माणूस आपल्या पदरात पडू नये म्हणून अधिकारी त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून त्याचा जन्म कोठे झाला, कोणाकडे किती वर्षे चाकरी केली, लग्न कोठे केले, हे शपथेवर विचारत आणि लिहून घेत. हेतू त्याला घालवून देण्याचा होता, पण ज्याने स्वतः कधी एक ओळही लिहिली नसेल अशा मजुराचे किंवा विधवेचे अख्खे आयुष्य त्यामुळे एका पानावर उतरले. श्रीमंतांच्या वास्तूंचा इतिहास आयता मिळतो. हा मिळवावा लागतो.

पाचवी पायरी: इमारत आणि चर्च डोळ्यांनी वाचणे

कागदांचा काही अंदाज आल्यावर इमारतीकडे पुन्हा जावे. समोरच्या भिंतीवर भुलू नये. अठराव्या शतकात अनेक जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांना नव्या तऱ्हेचा विटांचा मुखवटा चढवला गेला. म्हणून बाजूच्या बोळात शिरून छपराचा उतार, धुराडी आणि मागची भिंत पाहावी. विटांची मांडणीही बोलते. एका थरात विटांच्या लांब बाजू आणि पुढच्या थरात आखूड टोके असतील तर ती जुनी इंग्लिश जोडणी. एकाच थरात लांब बाजू आणि टोक आलटून-पालटून येत असतील तर ती सतराव्या शतकापासून पसरलेली फ्लेमिश जोडणी. दारावर कोरलेले वर्ष बांधकामाचेच असते असे नाही. ते दुरुस्तीचे किंवा लग्नाचेही असू शकते. त्यासोबत तीन अक्षरे त्रिकोणात असतील तर वरचे आडनावाचे आणि खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची असतात.

चर्चच्या बाबतीत खिडक्यांपासून आरंभ करावा. जाड भिंत आणि अर्धगोल कमान असेल तर बहुधा बारावे शतक, उंच अरुंद टोकदार खिडक्या असतील तर तेरावे, वर दगडी जाळीची वळणदार नक्षी असेल तर चौदावे, आणि उभ्या सरळ दांड्यांनी भरलेली रुंद खिडकी असेल तर त्यानंतरचा काळ. मात्र व्हिक्टोरियाच्या काळात जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या शैलीतले नवे काम इतके झाले की कोरीव रेषा फार स्वच्छ आणि धारदार दिसल्या तर शंका घ्यावी.

आत गेल्यावर भिंतीवरच्या स्मृतिशिला आणि बाहेरची थडगी वाचावीत. मराठी माणसाला येथे अनपेक्षित नावे भेटतात. पेशवाईनंतर १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्ये सरे परगण्यातील लिम्प्सफील्ड येथे वारला आणि तेथील चर्चच्या आवारात पुरला गेला. अशा कुटुंबांच्या नोंदी दोन ठिकाणी विभागलेल्या असतात: इंग्लंडमधील पॅरिशच्या वहीत आणि ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात. मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह व दफनांच्या नोंदींच्या प्रती त्या दफ्तरात आहेत.

अभिलेखागारात जाताना

१९७८ च्या चर्चविषयक कायद्यानंतर शंभर वर्षांहून जुन्या बहुतेक नोंदवह्या पॅरिशमधून धर्मप्रांताच्या अभिलेखागारात गेल्या आहेत, आणि हे काम सामान्यतः परगण्याचे अभिलेखागारच करते. तेव्हा धर्मगुरूंना पत्र लिहून वही मागू नये. चर्च कधी उघडे असते एवढेच त्यांना विनयाने विचारावे. लंडनच्या जुन्या पॅरिशांसाठी क्लार्कनवेल येथील लंडन आर्काइव्ह्ज, हॅम्पस्टेडच्या स्थानिक साहित्यासाठी कॅम्डेनचे अभिलेख केंद्र, आणि कोठे काय आहे याची एकत्रित सूची पाहण्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची डिस्कव्हरी ही सूची वापरावी. जाण्यापूर्वी वेळ ठरवून कागदांचे क्रमांक आधी कळवावेत; अनेक ठिकाणी दफ्तर दुसऱ्या इमारतीत असते आणि आयत्या वेळी मिळत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा, पेन घरी ठेवून पेन्सिल न्यावी आणि छायाचित्रांचे शुल्क आधी विचारावे.

अलीकडच्या काळासाठी नगरपालिकेची बांधकाम परवान्यांची नोंद विसरू नये. किंग हेन्रीज रोडवरील घराचे संग्रहालय करण्यास परवानगी द्यावी की नाही यावरून कॅम्डेनशी वाद झाला, २०१९ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली आणि २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश शासनाने परवानगी दिली. अशा प्रकरणांत वास्तूचा आराखडा, जुनी छायाचित्रे आणि शेजाऱ्यांची निवेदने एकाच ठिकाणी साठत जातात.

प्रत्येक टिपणाखाली अभिलेखागाराचे नाव, कागदाचा पूर्ण क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख लिहावी. काम चार-सहा पानांचे झाले तरी त्याची एक प्रत त्या भागाच्या स्थानिक ग्रंथालयाला द्यावी. तेथे रस्त्यांच्या नावाने लावलेल्या पाकिटांचे कपाट बहुधा असतेच, आणि आपल्यानंतर त्याच घराविषयी विचारत येणाऱ्याला ग्रंथपाल आधी तेच पाकीट काढून देतात.